अक्कांच्या प्रार्थनेतलं शेवटचं वाक्य

जळगावला मुलीकडे चहा घेत होतो, तेव्हा पाळकसाहेबांचा फोन आला. सुशीलाअक्का पहाटे झोपेतच गेल्या, दफनविधी चार वाजता आहे, निघा. धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर मला रडू वगैरे आलं नाही. ऐंशी उलटलेलं माणूस, कधीतरी जाणारच. आठवत राहिलं ते एवढंच, की अक्कांना गप्प करायला एकदा मीच गेलो होतो.

अक्का आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या सभासद. आयुष्यभर प्रसूतिगृहात नर्स होत्या. लग्न केलं नाही. त्या नर्सिंग शिकत असतानाच सैन्यात असलेला धाकटा भाऊ दानिएल लढाईत मारला गेला. रविवारच्या उपासनेत पाळक म्हणत, कुणाला प्रार्थना करायची असेल तर करा, की अक्का उभ्या राहत. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, आपले जवान... आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "पलीकडच्या जवानांनाही सुखरूप घरी पोचव, प्रभू, आणि लढाई कायमची बंद कर." इतकी वर्षं ऐकून आमचं त्याकडे लक्षही जात नसे.

मग सीमेवरच्या बातम्या वाढल्या, आणि एका रविवारी त्या वाक्याला मार्थाबाई उठून बाहेर गेल्या. त्या धरणगावकडच्या, बोलणं अहिराणी. एकुलता मुलगा सैन्यात, तेव्हा सीमेवरच होता. मी मंडळीचा सेक्रेटरी, म्हणून मागोमाग गेलो. त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. "मना पोऱ्या तेस्ना बंदुकीसमोर शे, सर. आन ह्या तेस्नासाठे देवले मांगतस?" त्याच दुपारी कमिटी बसली. कुणी म्हणालं, हे बाहेर गेलं तर लोक आपल्याबद्दल भलताच समज करून घेतील. अक्कांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

अक्का मेथी निवडत होत्या. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, दानिएल नेमबाज होता. पलटणीत पहिला नंबर होता त्याचा... त्याची ट्रंक आमच्या घरी आली. त्याच्या गोळ्यांनी किती घरी ट्रंका गेल्या असतील, मला माहीत नाही. नावं माहीत नाहीत, म्हणून सगळ्यांसाठी मागते."

निदान थोडे दिवस तरी, एवढं मी पुटपुटलो. मोठ्याने म्हणणार नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि मार्थाबाईंचा पत्ता विचारला.

त्या संध्याकाळपासून अक्का काठी टेकत रोज तिकडे जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी मार्थाबाईंनी त्यांना नीट आतही घेतलं नाही. पुढे मात्र मुलाचा फोन येईपर्यंत दोघी शेजारी बसून राहत. अक्कांनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही, भाकरी थापून आपल्याला बळेच जेवायला लावायच्या, असं मार्थाबाईंनी नंतर सांगितलं. तणाव निवळला, मुलगा सुट्टीवर घरी आला. अक्का मात्र रविवारी जवानांपर्यंत येऊन थांबत, क्षणभर ओठ हलवत आणि मग आमेन म्हणत. आता मोठ्याने म्हणायला हरकत नाही, हे त्यांना मी सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो... ते राहूनच गेलं.

दफनानंतरच्या रविवारी पाळकांनी प्रार्थनेला बोलावलं, तर कुणीच उठेना. शेवटी मी उठलो. आजारी माणसं झाली, परीक्षेची मुलं झाली, आपले जवान झाले. पुढचं वाक्य पाठ होतं, पण तोंडातून निघेना. मग बायकांच्या बाजूने आवाज आला.

"पलीकडला पोरेसले बी घर पोचाड, देवा. तेस्नी माय बी वाट देखी ऱ्हायनी व्हई."

मार्थाबाई उभ्या होत्या. त्यांचा मुलगा त्याच आठवड्यात पुन्हा सीमेवर गेला होता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.