जिनात कापूस कोणी आणला

देवराव मास्तरांनी मला फसवलं. ते आमच्या नाटक कंपनीचे लेखक आणि दिग्दर्शक. मी, गुलाबराव, त्याच कंपनीचा मॅनेजर. मूळ धंदा पांढुर्ण्याला बिछायतीचा, म्हणजे लग्नाकार्याला मांडव, सतरंज्या, पडदे भाड्यानं देणं. पैशात फसवलं असतं तर मी वसूल करून घेतलं असतं, तेवढी अक्कल मला आहे. मास्तरांनी माझं काम स्वतःच्या नावावर लावलं आणि वर मला पळपुटा ठरवलं. तेही स्टेजवर, लोकांसमोर.

नागपूरला त्यांचं एक नाटक गाजलं. एका लहानशा कंपनीचे सुरुवातीचे हाल त्यात दाखवलेत. गाणी नाहीत, आरडाओरड नाही. लोक डोळे पुसत बाहेर पडतात म्हणे. ती कंपनी आमचीच. ज्यांनी ते नाटक पाहिलं, त्यांनी आता हेही वाचावं.

राज्यं नव्यानं आखली जात होती ते वर्ष. तोवर नागपूर आमची राजधानी होती. नोव्हेंबरपासून ते मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार, हे ठरून गेलं होतं. आता आमची राजधानी भोपाळ. आमचं मराठी नाटक भोपाळला कोण पाहणार? नागपूरच्या एका नाट्यस्पर्धेसाठी गावोगावची नाटकं निवडणं चालू होतं. पुढच्या वर्षी आम्ही परराज्यातले ठरणार होतो. म्हणजे हीच एक संधी. निवड करणारे गृहस्थ छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेनं, सौंसरला येऊन शो पाहणार होते. तो शो झाला नसता, तर कंपनी तिथंच संपली असती.

सौंसरला थिएटर नव्हतं. मी लखमीचंद शेठचं जिन मिळवलं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगाम सुरू होईपर्यंत त्याची टिनाची मोठी शेड रिकामी असते. शेठशी बोली अशी झाली, की हंगामातली कापसाची पहिली गाडी दारात येईपर्यंत शेड आमची. गाडी आली की आम्ही बाहेर. ही बोली मी मास्तरांना समोर बसवून सांगितली होती. त्यांनी मान हलवली होती.

शेडमध्ये एकच दोष होता. टिनाखाली आवाज घुमायचा. एक वाक्य बोललं की ते छताला लागून परत यायचं आणि पुढच्या वाक्यावर पडायचं. गाण्याच्या नाटकाला चालून गेलं असतं. पण आमचं नाटक एका घरातल्या तीन माणसांचं, सगळं हळू बोलण्याचं. रिहर्सलला मागच्या भिंतीशी उभं राहिलं की फक्त भांडी आपटल्यासारखा आवाज ऐकू यायचा. प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य पुरवणारा माणूस, तोसुद्धा म्हणायचा, ‘मले माझंच दोनदा ऐकू येते.’

शोच्या दिवशी सकाळी जिनाच्या फाटकात बैलगाड्या उभ्या. पुढच्या गाडीवर मोहगावचे किसन पाटील आणि मागं काठोकाठ कापूस.

“पाटील, हे काय आणून राहिले?”

“कापूस. मास्तरच बोलले ना आमच्या गावात. नाटक पाह्याले या, येतानी कापूस घेऊन या, सकाळी मोजून देऊन घरी जा. एका फेऱ्यात दोन कामं.”

मास्तर माझ्या मागंच उभे होते. म्हणाले, “गुलाबराव, प्रेक्षक वाढावे म्हणून बोललो.”

“आन् बोली?”

“बोलीचं काय एवढं? शेठ समजून घेतील.”

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला वाटतं, बोली म्हणजे नुसतं बोलणं. व्यापारात शब्द हाच कागद असतो. शेठ धोतराचा सोगा धरून आले आणि गाडीला हात लावून माझ्याकडं वळले.

“गुलाबराव, जबान क्या थी?”

“पहिली गाडी येईपर्यंत.”

“मग ही काय आहे? वरात?”

आमच्याकडं जिनाची पहिली गाडी परत पाठवत नाहीत. बैलांच्या पायाशी नारळ फोडायचा, शेतकऱ्याला शेला द्यायचा, माल आत घ्यायचा. पहिली गाडी दारातून परतली तर वर्षभर धंदा बसतो, अशी समजूत. पाटलांनीही भरल्या गाडीनं परत जायला साफ नकार दिला. आभाळ भरून आलं होतं, तेव्हा माल बाहेर टाकणंही शक्य नव्हतं. शेठचं चुकलं नव्हतं. आमचं होतं.

मास्तर ट्रंकेवर बसले. मग उठून म्हणाले, “मी स्टेशनवर जातो. निवड करायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगतो, उतरू नका, शो रद्द.” आणि निघाले. हे वाक्य लक्षात ठेवा. माणूस कोण निघाला तेही.

मी रागीट आहे. पण सौदा करताना मी राग खिशात ठेवतो.

“शेठ, पहिली गाडी परत जाऊ नये, एवढंच ना?”

“हां.”

“नाही जाणार. नारळ आत्ता फोडा. कापूस आत घ्या, पण चारही भिंतींना लावून गंजी मारा. मधली जागा आमची.”

“कापसात गॅसबत्त्या पेटवणार? जिन जाळतो का माझं?”

“बत्ती नाही. दवंडी देऊन रात्रीचा शो दुपारी करतो. दोन्ही दारं उघडी ठेवतो, उजेड येते तेवढा पुरे.”

“आणि बिडी? मोहगावचे लोक हाईत.”

“दारात मी उभा राहतो. बिडी-माचीस काढून घेतल्याशिवाय बापालेही आत सोडणार नाही.”

शेठनी भिंतीपासूनची जागा पावलांनी मोजली. मग म्हणाले, “एक ठिणगी पडली तर तुझी सारी बिछायत माझी. जामसांवलीच्या हनुमानाची आण घे.”

मी आण घेतली. बिछायत म्हणजे माझं सगळं होतं. बाप मजुरी करायचा, मी एकेक सतरंजी जोडली होती.

मग नटांनी तोंडाला रंग लावायचा सोडून कापूस उतरवला. पाटील गाडीवरून ओरडत होते, “राजाचा पार्ट करते आन् पाटी उचलता येत नाही?” मी एका माणसाला स्टेशनवर पिटाळलं, मास्तरांना म्हणावं गप बसा आणि पाहुण्यांना घेऊन या. ते आले तेव्हा गंज्या उभ्या राहिल्या होत्या.

दारात मी टोपली घेऊन उभा. बिडीशिवाय नाटक पाहायचं म्हणून लोक चिडले. पाटलांनी माचीस दिली आणि विचारलं, “तंबाखू तं चालते ना? का तेही पेटते?”

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कळलं, की शेड घुमत नाही. भिंतींना लागलेल्या कापसानं आवाज पिऊन टाकला होता. शब्द जाऊन कुठं आपटत नव्हता. शेवटी म्हातारीचा पार्ट करणारा नट पाठ फिरवून दोन शब्द पुटपुटतो. रिहर्सलला ते पुढच्या रांगेलाही कळत नसत. त्या दिवशी मी दारात ते स्पष्ट ऐकले. मी मात्र टोपलीकडंच पाहत होतो. ठिणगी पडली नाही.

पाहुण्यांनी मास्तरांना विचारलं, “हे कापसाचं कोणाला सुचलं?” मास्तर नुसते हसले. मी टोपलीतल्या माचिसा वाटत होतो. मला वाटलं, सांगतील नंतर.

नाटक निवडलं गेलं. स्पर्धा झाली, मास्तरांना नागपूरला नोकरी लागली, ते तिकडंच राहिले. राज्याची हद्द मधे पडली. मी कंपनी सौंसरला जमेल तेवढे दिवस ओढली, मग पडदे पुन्हा लग्नांना लावले.

त्यांचं नवं नाटक पाहायला मी स्वतः तिकीट काढून गेलो. स्टेजवर जिन. गाड्या येतात. बिछायतवाला मॅनेजर ओरडतो, “माझ्या सतरंज्या जळतील,” आणि सतरंजी गुंडाळून निघून जातो. मास्तरांचं पात्र शांतपणे म्हणतं, “आणा तो कापूस आत.” टाळ्या.

मी आत जाऊन भेटलो. मला थकवा आला होता, भांडायलाही जोर नव्हता.

“मास्तर, मी कवा गेलतो?”

“गुलाबराव, नाटक आहे ते. कोणाला तरी निघून जावं लागते.”

“मग जो गेलता त्यालेच पाठवा ना.”

त्यांनी मला चहा मागवला. मी घेतला नाही.

यातून शिकायचं एवढंच, की पुढं नाटक लिहील असा माणूस भागीदार घेऊ नये. घेतलाच तर सौद्याच्या वेळी त्याला स्टेशनवर जाऊ देऊ नये, जवळ साक्षीला बसवावं.

शेठ गेले. पाटील आहेत, पण त्यांना फक्त बिडी काढून घेतल्याचं आठवतं. राहिलो मास्तर आणि मी. जिन अजून उभं आहे. मास्तरांनी छोट्या गाडीनं सौंसरला यावं, त्या फाटकात उभं राहावं आणि चार लोकांसमोर सांगावं: त्या सकाळी स्टेशनवर कोण गेलं होतं, आणि कापूस आत कोणी आणला? चहा मी मागवतो.