मॉसीच्या दारातली रांग

रेडिओवर मयतांची नावं ऐकल्याशिवाय कॉर्क शहरातलं माणूस पावाला लोणी लावत नाही. कन्सेप्टा टूमीने गुरुवारी ऐकलं: मॉसी अहर्न, कोव्ह. अंत्यदर्शन शुक्रवारी दुपारी दोन ते पाच, राहत्या घरी. मॉसी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, गोरेट्टीचा नवरा.

राहत्या घरी म्हणजे आमच्याकडे दार सताड उघडं. बोलावणं नाही, ओळख नाही. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, वाईट झालं म्हणायचं आणि पुढे सरकायचं. पुढे आलेला हात कुणी नाकारत नाही. कन्सेप्टाने मात्र गोरेट्टीचा नाकारला होता, सात वर्षांपूर्वी, आईच्या मयताला. आईच्या आजारपणात गोरेट्टी एकदाच फिरकली, म्हणून हिने गावादेखत आपला हात कोटाच्या खिशात घातला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आता गोरेट्टीने तसंच केलं तर? करायलाच हवं, असंही हिचं मन म्हणत होतं.

शुक्रवारी कोव्हच्या गाडीत बाईला बसवेना. तीनदा जागा बदलली, चष्मा पुसला, मयताच्या घरी न्यायच्या गोड टार्टचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर.

"सीटला काटे आहेत की काय, बाई?" समोरच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही आपला पेपर वाचा."

"वाचून झाला. काळा कोट, हातात डबा... मॉसीकडेच ना? मीही तिकडेच. त्याच्या कोण तुम्ही?"

"ओळखीची," कन्सेप्टा म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली.

कोव्हच्या अलीकडे रशब्रुकला ती उतरली आणि परतीच्या गाडीसाठी समोरच्या फलाटावर गेली. गाडी आली, दार उघडलं, बंद झालं. कन्सेप्टा फलाटावरच. मग स्वतःला शिव्या घालत, खाडीच्या कडेने ती कोव्हपर्यंत चालत गेली. म्हातारे गुडघे, त्यात कोव्हचा चढ. चर्चची घंटा तीनचे ठोके देत होती.

रांग घरापासून कोपऱ्यापर्यंत आली होती. दोनदा ती रांगेतून बाहेर पडली, दोनदा शेवटाला येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा पळायचं मनात आलं तेव्हा उंबरा ओलांडून, डबा दाराजवळच्या टेबलावर ठेवून झाला होता.

आत शवपेटीजवळ गोरेट्टी एकटीच उभी होती. केस पांढरे झाले होते, कुणी कळवलंही नव्हतं. कन्सेप्टाने हात पुढे केला.

"वाईट झालं गं, गोरेट्टी."

गोरेट्टीने त्या हाताकडे पाहिलं. घेतला नाही. खोलीतली कुजबुज थांबली.

मग तिने बहिणीचं कोपर धरलं, तिला गर्रकन वळवलं आणि आपल्या शेजारी, रांगेकडे तोंड करून उभं केलं. घरच्यांच्या जागेवर.

"अगं, मी कशी इथे..."

"गप उभी राहा. लोक खोळंबलेत. हात दे त्यांना." आणि मग, तिच्याकडे न बघता, "या वेळी सगळ्यांना दे."

कन्सेप्टाला रडू फुटलं. पुढच्या बाईला वाटलं मॉसीसाठीच रडतेय. तिने कन्सेप्टाचे दोन्ही हात घट्ट धरले.