पुंजारामच्या खिशातली तक्रार

पुंजाराम पगारे भित्रा आहे असं सगळी वस्ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुत्रं आडवं आलं तर हा सायकलवरून उतरून त्याला वाट द्यायचा. पण अक्षर असं, की कुणी ज्वारीचे दाणे एकेक निवडून ओळीनं मांडलेत. त्या अक्षरावरच त्याला पंचवटीत नोकरी लागली.

भाजीबाजाराजवळच्या गल्लीत, माडीवर, एका संशोधन मंडळाच्या दोन खोल्या होत्या. तिथून दर तीन महिन्यांनी एक जाडजूड अंक निघायचा. जुने शिलालेख, जुनी नाणी, असल्या गोष्टींवर शिकलेली माणसं लेख पाठवायची. संपादक ढुंढिराज तो लेख दुसऱ्या एखाद्या जाणत्याकडे पारखायला द्यायचे. पारखणारा कोण, हे लेख लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा तिथला कायदा. आता ही सगळी मंडळी एकमेकांचं अक्षर लांबून ओळखणारी. म्हणून परीक्षकाची चिठ्ठी कधी बाहेर जाऊ द्यायची नाही. पुंजारामनं शेरा आपल्या हातानं उतरवून पाठवायचा आणि मूळ चिठ्ठी कपाटात कुलपात ठेवायची.

एकोणऐंशीच्या श्रावणात त्याच्या बोटाला नखुरडं झालं. बोट सुजून वांग्याएवढं. तीन शेरे त्यानं कसेबसे उतरवले, चौथ्याला कळ पार मस्तकात गेली. ‘एका चिठ्ठीनं काय होतंय,’ म्हणत त्यानं ती होती तशीच लेखासोबत पाकिटात घातली. सगळ्या जन्मात एकदा धीट झाला, तो नको तिथं.

महिन्याभरानं मालेगावहून रजिस्टर पत्र आलं. टपाल फोडायचं काम पुंजारामचंच. पत्र सावळीराम मास्तरांचं, तिथल्या शाळेत शिकवणारे. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझा लेख नाकारला. चिठ्ठीवरचं अक्षर बाळाजीरावांचं आहे. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ज्या शिलालेखावर मी लिहिलं, त्यावर ते स्वतःही लिहीत आहेत. माझा लेख दुसऱ्या परीक्षकाला दाखवावा, एवढीच विनंती.’ आणि टाचणीनं ती चिठ्ठी लावलेली.

तक्रार आली की ती आवक वहीत चढवायची आणि शनिवारी समितीपुढे ठेवायची. समिती म्हणजे माणसं दोनच. एक ढुंढिराज. दुसरे बाळाजीराव.

पुंजारामनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पत्र सदऱ्याच्या खिशात घातलं. तो गुरुवार होता.

घरी बायको सुलाबाईनं भाकरी वाढली. त्यानं अर्धी तशीच ठेवली.

“अवो, खिशात इंचू हाय का? सारका हात छातीवं.”

“नाय गं. काय नाय.”

“मंग काढा सदरा, धुवायचाय.”

“नको!” तो असा ओरडला, की शेजारचं पोरगं रडायला लागलं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. “सुले, फाडून घाटावरनं गंगेत सोडतो आन् मोकळा होतो.”

“सोडा. मास्तर दुसरं लिव्हंल.”

“नोकरी जाईल गं. आपल्यातला पहिला माणूस त्या माडीवर बसलाय. म्हणतील, ह्यांना बसवलंच कशाला!”

“म्हंतील. आन् मास्तरला काय म्हंतील? त्याला काय येत नाय म्हंतील ना? कुनापायी?”

“बाळाजीरावांपायी.”

“मंग भ्यायचं त्यांनी. तुमी त्यांच्या वाटचं बी कशापायी भिता?”

बोलायला सोपं. शुक्रवारीही पत्र खिशातून निघालं नाही. कुणी माडीचा जिना चढलं की ह्याच्या तळव्यांना घाम फुटायचा.

शनिवारी समितीचे दोघे बसले. चहा आला. बाळाजीराव उंच माणूस, काठी टेकून बसायचे. “काय पुंजाराम, तक्रारी किती आज?”

पुंजारामनं घामानं ओलं झालेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ढुंढिराजांनी वाचलं आणि पुढे सरकवलं. बाळाजीरावांचे कान लाल झाले. “ही चिठ्ठी बाहेर गेली कशी?”

“मी पाठवली, साहेब. बोटाला नखुरडं होतं. उतरवली नाही.”

“ऐकलंत? ह्याला आजच्या आज काढा! मी तेव्हाच म्हणालो होतो, ह्याला घेऊ नका.”

ढुंढिराजांनी सभेची वही ओढली, टाक बुडवला. “काढू. पण वहीत कारण लागेल. काय लिहू सांगा. बाळाजीराव ज्या शिलालेखावर लिहीत होते, त्यावरचाच दुसऱ्याचा लेख त्यांनी नाकारला, आणि ते ह्या कारकुनामुळे उघड झालं, असं लिहू?”

बाळाजीरावांनी काठी उचलली, परत टेकवली.

“तसं... लिहायची काही गरज नाही.”

“मग हाही राहील. लेख धुळ्याला पाठवतो, दुसऱ्या परीक्षकाकडे. आणि तक्रारी निघतील तेव्हा तुम्ही इथं बसायचं नाही.”

बाळाजीराव चहा तसाच ठेवून जिना उतरले. पुंजारामला वाटलं, सुटलो.

“थांब. पत्र आलं कधी?”

“गुरुवारी, साहेब.”

“दोन दिवस होतं कुठं?”

“खिशात.”

“का?”

“भ्यालो.”

“मग तसंच चढव आवक वहीत. तारीख खरी टाक.”

पुंजारामनं लिहिलं: ‘गुरुवारी मिळाले. भीतीमुळे दोन दिवस उशीर.’ ढुंढिराजांनी वाचलं, हसले नाहीत, खाली सही केली. मग हळूच म्हणाले, “बाळाजीरावांना ‘इथं बसू नका’ एवढं सांगायला मला सहा वर्षं लागली, पुंजाराम. माझंही कारण तेच.”

“साहेब, तेही चढवू का?”

“आगाऊ आहेस. जा, आधी मालेगावला पत्र टाकून ये.”