विजोड कार्डं आणि टायवाल्याचा फोन

आधीच सांगून ठेवते, टायवाल्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. गोष्ट माझ्या सुनेची आहे, पण त्या माणसाला मध्ये आणल्याशिवाय ती सांगताच येत नाही, म्हणून नाइलाजाने आणते.

सुनेला आम्ही घरात मुंगी म्हणतो. अंगाने एवढीशी, पण एकदा काम धरलं की सोडायची नाही. माझा मुलगा बोटीवर इंजिनं सांभाळतो, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिचं काम म्हणजे अजून बांधलेलीच नाही अशा इमारतीची फिल्म करायची. दार उघडतं, जिन्यावर ऊन पडतं, माणसं वर चढतात, आणि प्रत्यक्ष जागेवर बघाल तर नुसता खड्डा! पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी विचारलं, "अगं, एवढी झाडं कुठली?" तर म्हणे, "मीच लावली, आई. पाणी घालावं लागत नाही."

सात वर्षं ती टायवाल्याच्या, म्हणजे सदा टाय लावून मिरवणाऱ्या तिच्या साहेबाच्या, ऑफिसात राबली. फिल्मच्या शेवटी नाव मात्र त्याच्या एकट्याचं. वर चिक्कू इतका, की नवा कॉम्प्युटर मागितला की तोंड कडू. शेवटी हिनेच दोन वेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डं, एक मोठं आणि एक लहान, एकाच डब्यात बसवून काम भागवलं. कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रं रंगवणारा भाग, एवढं आता मलाही कळतं. ते विजोड जोडपं कसं नांदवायचं हे तिच्याशिवाय तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ती नऊ दिवस त्यांच्या उशाशी बसली, ते गेले, आणि ऑफिसात परतली तर तिच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी. एवढ्यावर भागलं असतं तर तो टायवाला कसला? त्याने गावभर सांगितलं, काम अर्धवट टाकून पळाली म्हणून. त्यानंतर तिला कुठल्याच ऑफिसात कुणी दारात उभं करेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुंगी रडली नाही. म्हणाली, "आई, हे वाक्य मी त्याला मागे घ्यायला लावीन. त्याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर." मला ते इतकं आवडलं की मी तिला कडकडून मिठी मारली.

संधीही चालून आली. नवं वाचनालय बांधायचं होतं. त्याची फिल्म कुणी करायची हे ठरवायला समितीने तीन-तीन मिनिटांचे नमुने मागवले. शुक्रवारी दुपारी, सभागृहात, सगळ्यांसमोर दाखवायचे. टायवाला उतरणार हे उघडच होतं. मुंगीनेही अर्ज ठोकला.

तीन मिनिटं म्हणजे साडेचार हजार चित्रं. घरच्या कॉम्प्युटरमधल्या एकट्या कार्डाला नऊ दिवस लागले असते आणि हातात होते सात. शेजारच्या फोटोग्राफरकडे एक जुनं, लहान, भलत्याच कंपनीचं कार्ड धूळ खात पडलं होतं, ते मी मागून आणलं. जेवणाच्या टेबलावर डबा उघडून मुंगी ते बसवत होती आणि मी बॅटरी धरून उभी. कार्ड एका बाजूने झुकायला लागलं, तर मी माझ्या शिलाईच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ त्याच्याखाली उभं केलं. दोन्ही कार्डं मिळून एकच चित्र रंगवायला तयार नव्हती, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही म्हणे. म्हणून तिने वाटणी केली, पहिली तीन हजार चित्रं मोठ्याला, शेवटची दीड हजार लहानाला.

शनिवारी सकाळी बघतो तर लहानाची सगळी चित्रं काळीकुट्ट! मुंगी हसली. "ऑफिसातल्या लहान कार्डालाही हीच खोड होती. अख्खी इमारत त्याच्या डोक्यात मावत नाही, आई. कॅमेऱ्याला जे दिसतच नाही, ते त्याला द्यायचंच नाही." मागचे मजले, पाठीमागची झाडं तिने त्याच्या वाट्यातून काढून टाकली आणि चित्रं उजळली. ही युक्ती ऑफिसात तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण कधी कुणी विचारलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी जरा डोळा लागला होता तिचा. तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला. मी उचलला. टायवाला!

"मॅडम आहेत का? जरा अडचण होती. आमची निम्मी फिल्म काळी येतेय. ती दोन कार्डं त्यांनीच बसवली होती..."

"मग?"

"त्यांना द्या ना फोन. हे बघा, माझं चुकलं. त्यांनी काम टाकलं नव्हतं, मीच काढलं त्यांना. उद्या सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो तसं. फक्त तेवढं कसं करायचं ते..."

एवढं ऐकल्यावर तरी मी तिला उठवायला हवं होतं. दहा पावलांवर होती. पण नाक मुठीत धरून आलेला तो आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात एकच, आता याला सोडायचा नाही. "ती घरात नाही," मी म्हटलं, "आणि असती तरी तुम्हाला ओळखत नाही." फोन ठेवला, त्यातली कॉल आल्याची नोंद पुसून टाकली, चहा केला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली.

शुक्रवारी टायवाला समितीसमोर उभा राहिला आणि आणखी दोन दिवस मागू लागला. समितीने साफ नाही म्हटलं. नमुने आणलेले बाकीचे दोघे लिंबूटिंबूच होते. मुंगीची फिल्म संपली तेव्हा टाळ्या थांबेनात. काम तिला मिळालं. मी तर मनातल्या मनात नाचत होते, जिरली मेल्याची! जाता जाता तो मुंगीपाशी थांबला, रागाने फोनबद्दल काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

बाहेर आलो. तिच्या तोंडावर आनंद म्हणावा तसा नव्हताच.

"आई, काल त्याचा फोन आला होता?"

"आला होता. फिल्म काळी येतेय म्हणून गयावया करत होता. मी हाकलला."

"बरं केलंत. मीही युक्ती सांगितली नसती कदाचित." मग थांबलीच. "पण सगळ्यांना अजून तेच वाटतंय ना, की मी पळाले? आज त्याला बोलायला लावायचं होतं मला. फोनवर माझ्याबद्दल काही म्हणाला तो?"

मला त्याचा शब्द न् शब्द पाठ होता.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल काहीच नाही."