जाळीदार नक्षीचं पिल्लू

फ्रिज दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले. सगळे त्याला थंडेराव म्हणत, धंद्यावरून आणि स्वभावावरूनही. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी हा आपला शांतपणे स्क्रू काढत बसायचा. वेड त्याला एकाच गोष्टीचं: बॉल पायथन. हा लहानसा, गरीब अजगर. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवतो. मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खणांमध्ये असे चौदा जण होते. निरनिराळ्या नक्षीचे नर-मादी जुळवून थंडेराव नव्या रंगांची पिल्लं काढायचा. अंडी उबवायला एका निकामी फ्रिजमध्ये त्याने हीटर बसवला होता.

एका वर्षी सहा पिल्लं निघाली. तीन साधी तपकिरी. तीन बापासारखी, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची. जाळीवाली दोन पिल्लं गिऱ्हाइकांनी विकत नेली. घरी राहिलेली तिसरी, मादी, दिसायला सगळ्यांत देखणी, पण उंदीर समोर धरला की तिची मान लटपटायची. झेप भलतीकडेच जायची. कधीकधी तर ती चक्क उताणी व्हायची.

थंडेरावाने बिघाड शोधायला घेतला. थर्मोस्टॅट बदलला. खणाच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावले. ओलावा मोजला, खवल्यांत किडे आहेत का ते भिंगातून पाहिलं, उंदीर दुसऱ्याकडून आणले. कशातच खोट सापडेना.

त्याची बायको त्या खोलीत फारशी यायची नाही. कानाच्या दुखण्याने तिला अकरा वर्षं चक्कर येत होती. घरातसुद्धा भिंतीला हात लावूनच चालायची. एका दुपारी ती त्याला जेवायला बोलवायला आली आणि पिल्लाची धडपड पाहत दारातच थांबली.

"अहो, हिला वर कुठे नि खाली कुठे तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "माझं होतं ना, तसं."

"काहीतरीच काय! सापाला कुठे कान असतात?"

"बाहेर नसतील. आत काही असेल की नाही? विचारा तरी डॉक्टरांना."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लू तपासलं, बाकीच्यांची चौकशी केली. "उष्णता वाढली, जंतू शिरले, विषारी काही पोटात गेलं, तरी मान अशी डोलते. तुम्ही आधी ते तपासलंत ते बरोबरच केलंत. पण हिची साधी भावंडं त्याच खोलीत ठणठणीत आहेत. ही नक्षी आणि हे डोलणं जन्मापासून जोडीनेच येतं. आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते, असं दिसतं."

"मग दुरुस्त कसं करायचं?"

"होत नाही हो हे दुरुस्त."

थंडेरावाने पिल्लू अलगद पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "हिचा बापही थोडा डोलतो. मला वाटायचं, खोड आहे त्याची." आणि त्याने आणखी एक गोष्टही सांगून टाकली: आधी एकदा फिकट रंगासाठी त्याने बहीण-भाऊ जुळवले होते, तेव्हा दोन पिल्लं वाकड्या कण्याची निघाली होती. "तेव्हाही मी फ्रिजलाच दोष दिला."

घरी येऊन त्याने दोन्ही गिऱ्हाइकांना फोन केला. एकाने ऐकून घ्यायच्या आधीच फोन ठेवला. दुसरी शाळेतली शिक्षिका होती. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय. रोज रडू यायचं."

तिला काय सांगायचं ते बायकोने शिकवलं. "उंदीर नाचवू नका म्हणावं. चिमट्यात स्थिर धरा, जमिनीलगत. खणात चढायला काही ठेवू नका. आणि घाई नको. डोकं थाऱ्यावर यायला वेळ लागतो."

आपल्या पिल्लालाही त्याने तसंच भरवून पाहिलं. तिसऱ्या खेपेला तिने उंदीर धरला, सुटला, पुन्हा धरला. बायको शेजारी जमिनीवर बसून म्हणत होती, "हळू गं बाई, हळू. कोणी पळवत नाहीये."

जाळीवाला नर, त्या पिल्लांचा बाप, त्यानंतर एकटाच एका खणात राहिला; थंडेरावाने त्याला पुन्हा कुठल्या मादीशी जुळवलं नाही. नक्षीची पिल्लं मागायला लोक येत. थंडेराव त्यांना मागच्या खोलीत नेऊन आपलं पिल्लू कसं जेवतं ते दाखवायचा. बरेचसे साधं तपकिरी पिल्लू घेऊन जात, काही नुसतेच परत जात. एकजण जाळीचंच पिल्लू हवं म्हणून वाद घालायला लागला, तेव्हा थंडेरावाचा आवाज चढलेला बायकोने पहिल्यांदाच ऐकला.