फोनवर बंद झालेला घाणा

आमचा करडईच्या तेलाचा लाकडी घाणा दिंद्रुडात रस्त्यालाच आहे. अमावस्येला तो फिरत नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत. त्या दिवशी घाणा पुसायचा, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि शटर खाली. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, तेल उद्या.

पोरगी पुण्यात नोकरीला. तिनंच दुकान फोनच्या नकाशावर चढवलं, आणि खोटं कशाला बोलू, बीड-माजलगावच्या गाड्या दारात थांबायला लागल्या. तिनं बापाला बजावलं होतं, "बाबा, दुकान बंद असलं की फोनवर तसं सांगत जा. लोकांना उगा हेलपाटा पडतो." मालकांना ते लई पटलं. मागच्या अमावस्येला इष्टलिंगाची पूजा उरकून, नारळ फोडून त्यांनी फोनवर 'बंद' दाबलं. मग मोठा तीर मारल्यासारखे दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

त्यानंतर गिऱ्हाईक आटलं. गावातलं यायचं, बाहेरचं एक नाही. मी पाकिटातल्या स्वस्त तेलाच्या नावानं बोटं मोडली. ते म्हणाले, नजर लागली, आणि दाराला लिंबू-मिरची टांगली. पोरीनं पुण्यातला एक खानावळवाला गाठला होता. तो घाणा डोळ्यानं बघून वर्षभराचं तेल सांगणार होता. त्याचं काम मिळालं तर घाणा चालणार, नाही तर घाण्याची मोटार विकून जागा भाड्यानं द्यायची, असं आम्ही ठरवून बसलो होतो.

तो यायचा त्या दिवशी मी सकाळीच ओटा धुतला. ताज्या तेलाची धार त्याला दिसावी म्हणून घाणा चालू ठेवला आणि आम्ही दोघं दारातच बसलो. एक पांढरी गाडी आली, समोर हळू झाली. मी पदर सावरून उठले. गाडी निघून गेली.

"दुसरा कुणी असंल," मालक म्हणाले.

दुपार टळली तेव्हा पोरीचा फोन आला. रडत होती. "आई, दुकान कावून बंद ठेवलं गं? त्यांनी माजलगावात दुसऱ्याला काम देऊन टाकलं."

माझं डोकंच फिरलं. "बंद? अगं, घाणा फिरतोय! हे बघ, ऐक!" मी फोन घाण्याजवळ धरला.

ती म्हणाली, "फोनवर बंद दिसतंय आई. अमावस्येपासून."

मी मालकांकडं बघितलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे? ते आपोआप उघडलं न्हाई व्हय? फोनमधी तर पंचांग हाय. अमावस्या सरलेली त्याला दिसत न्हाई?"

काय बोलावं या माणसाला! घाण्याचं भलं व्हावं म्हणून अमावस्या पाळणारा माणूस, आणि त्याच्याच अंगठ्यानं हे झालं. रागवावं तर त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पोरीकडनं नंबर घेऊन मी त्या खानावळवाल्याला फोन लावला.

"दादा, पांढरी गाडी तुमचीच ना? आमच्या दारावरनं गेलात."

"हो ताई, आमचीच. पाटी वाचली की. शटर वर होतं, तुम्ही दोघं दारात बसलेलेही दिसलात. तुम्ही उठून उभ्या राहिलात."

मला ऐकू येतंय ते खरंच वाटेना. "अहो, मग एक शब्द विचारायचा! घाण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातो!"

"आवाज आला ना," तो म्हणाला. "पण फोनवर बंद होतं, ताई. मग विचारायचं काय?"