घेवड्याच्या बाटल्या

तिला सगळी गल्ली मुंगी म्हणायची. नाव नवऱ्यानं ठेवलेलं. "आमच्याकडे फार वेळ उभे राहू नका," तो पाहुण्यांना सांगायचा, "नाहीतर तुम्हालाही चिरून वाळत घालील!" तो बस चालवायचा. ही शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीनवरून उठली की थेट परसात. परस कसलं, दोन खोल्यांएवढी जागा. पण तिथलं पानही ती वाया जाऊ द्यायची नाही. टोमॅटो अर्धे कापून, मीठ भुरभुरून गच्चीवर जाळीखाली. मटार उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात, मग कोरडे करून फ्रीझरमध्ये. उरलेल्या टोमॅटोचा रस लिंबू पिळून बाटल्यांत भरायचा आणि बाटल्या उकळून घ्यायच्या. घेवड्याच्या कोवळ्या शेंगा मात्र मिठाच्या पाण्यात बुडवून, बाटल्यांसकट मोठ्या कुकरमध्ये.

वरच्या मजल्यावर दीर आणि धाकटी जाऊ राहायची. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की नवरे वैतागायचे. धाकटी बँकेत होती, स्वयंपाकाचा तिला मनापासून कंटाळा. "ताई, तुमच्या बाटल्या आहेत म्हणून माझा संसार चाललाय," असं ती बिनदिक्कत म्हणायची.

त्या वर्षी घेवड्यानं कहर केला. रोज टोपलीभर शेंगा. त्यातच कुकरचं रबर तुटलं आणि त्या मापाचं दुकानात मिळेना. गणवेशांचा ढीग अंगावर आलेला. शेंगा तर तिच्यासाठी थांबणार नव्हत्या, वेलीवरच जून झाल्या असत्या. मुंगीनं विचार केला, टोमॅटोचा रस साध्या उकळीवर टिकतो, मग शेंगांनी काय घोडं मारलंय? तिनं बाटल्या मोठ्या पातेल्यात ठेवून चांगल्या दुप्पट वेळ उकळल्या. गार होताना झाकणं टकटक आत ओढली गेली. काम फत्ते झालं म्हणून ती खूश झाली.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी धाकटीनं त्यातली एक बाटली उघडली. दिराला शेंगा आवडत नसत, म्हणून तिनं एकटीनंच खाल्ल्या, तशाच गार.

दुसऱ्या दिवशी ती डोळे चोळत खाली आली. "ताई, तुम्ही मला दोन-दोन दिसताय."

"का गं, एक पुरत नाही वाटतं?"

दोघी हसल्या. संध्याकाळपर्यंत धाकटीच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, प्यायलेलं पाणी नाकातून परत आलं. दीर तिला उचलूनच दवाखान्यात घेऊन गेला.

काय काय खाल्लं, ते डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. मग मुंगीकडे वळून म्हणाले, "शेंगांना आंबटपणा नसतो. साध्या उकळीनं त्यातले जंतू मरत नाहीत. बंद बाटलीत वाढतात आणि विष तयार होतं. वास बदलेलच असं नाही, चवही नाही."

"पण मी दुप्पट वेळ उकळल्या होत्या हो."

"त्यानं भागत नाही, बाई. कुकरच लागतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

औषध दिलं, पण तोवर धाकटीचं अंग लुळं पडलं होतं. श्वास यंत्रावर, डोळे मिटलेले. "त्यांना सगळं ऐकू येतं, बोला त्यांच्याशी," नर्स म्हणाली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मुंगी आधी तिची चादर सारखी करत राहिली. शेवटी कानाशी वाकून ती म्हणाली, "अगं, मी केलं गं हे." हातातलं बोटही हललं नाही.

शेंगांच्या उरलेल्या बाटल्या आरोग्य खात्याची माणसं घेऊन गेली. मुंगीनं मग वाळलेले टोमॅटो, रस, मटार, होतं नव्हतं ते सगळं पोत्यात भरलं.

"अगं, हे तर चांगलं आहे," नवरा म्हणाला.

"तुम्ही खाल?"

पोतं त्यानंच उचलून बाहेर नेलं.

कित्येक महिन्यांनी धाकटी भिंत धरधरून चालत घरी आली. कुणी मुंगीला चकार शब्द बोललं नाही. "वहिनी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," दीर म्हणाला, आणि त्याच आठवड्यात त्यानं स्वयंपाकाला बाई लावली.

एका दुपारी बाई आली नाही. मुंगीनं मऊ भात केला, वर नेऊन दिला.

"ठेवा ना ताई, खाते मग."

संध्याकाळी ती ताट आणायला गेली. भात तसाच होता, वर साय धरल्यासारखा सुकलेला. धाकटीचे डोळे भरून आले. "मला खायचा होता हो. पण घास तोंडाशी आला की घसाच मिटतो."

"राहू दे गं," मुंगी म्हणाली.

खाली येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिनं तो गार भात घास घास करून खाल्ला. भाताला काहीही झालेलं नव्हतं.